तळपायाची साक्ष

पुन्हा तेच झालं. कातळाच्या सड्यावरचा उतार संपतो तिथल्या, पावसाने खरवडून काढलेल्या खोलग्यात गाडी उतरली, भार्गवीने ब्रेक दाबत ती डावीकडे वळवली, आणि डाव्या मांडीखालची जमीन निमिषभर कुणीतरी काढून घेतली. इतकंच. पोटात एक थंड ठिपका पडला, ॲक्सिलरेटरकडे निघालेला पाय वाटेतच अडला, आणि मग धप्पकन सगळं जागच्या जागी. समोर पिवळं पडत चाललेलं गवत, कुंपणाचा जांभ्या दगडांचा गडगा, गडग्यापलीकडे आंब्याच्या कलमांचे शेंडे, त्याच्याही पलीकडे उन्हात वितळणारी समुद्राची कड. शेजारच्या सीटवर वाट सांगणारी मृणाली टिपणातून पुढची वळणं वाचत होती, "उजवं सोपं, लगेच डावं, आखडतं," आणि तिच्या आवाजात एवढासाही कंप नव्हता. एकाच गाडीत वीतभर अंतरावर बसलेल्या दोन बायका. एकीच्या पोटात खड्डा पडला आणि दुसरीला खबर नाही. भार्गवीला वाटलं, असंच असतं. आपल्या अंगात जे घडतं ते सांगेपर्यंत घडलेलंच नसतं.

गाडी थांबवून तिने हेल्मेट काढलं, तोवर अपूर्व लॅपटॉप छातीशी धरून खिडकीपाशी आलासुद्धा. पंचविशीतला इंजिनिअर पोरगा, उन्हाने नाकाचं साल निघालेलं. मिरजोळ्याच्या शेडमध्ये दीड वर्ष खपून त्याने ही जुनी छोटी गाडी रॅलीसाठी बांधली होती. तिने तोंड उघडण्याआधीच त्याने पडदा तिच्यासमोर धरला. हिरवी रेघ, निळी रेघ, दोन्ही कशा शहाण्या मुलींसारख्या वरखाली करत गेलेल्या.

"हे बघ भार्गवीताई, हा तुझा डावा मागचा शॉकअप. खड्ड्यात दबला, वर आला. लोण्यासारखा चाललाय. तुझ्या झटक्याचा इथे मागमूस नाही."

"पण मला लागला रे."

"लागला असेल. कातळ आहे हा, आपण काय काचेवर चालवतोय?" मग त्याने मान खाली घालून, लॅपटॉपशीच बोलावं तसं म्हटलं, "त्या खोलग्यात तू दर फेरीला अडतेस. तिथेच वेळ जातो. उद्या विनीतला बोलावलंय कोल्हापूरहून. दोन फेऱ्या घेऊ दे त्याला. रविवारी रॅलीत कोण चालवणार ते मग ठरवू."

"म्हणजे ठरलंच."

"ठरलं नाही ग. पण तो कुरकुरत नाही. दिलेली गाडी चालवतो."

दिलेली गाडी. भार्गवी खाली उतरली. तापलेल्या कातळाची धग बुटातून तळव्यांना लागली. पस्तिशी ओलांडलेली दातांची डॉक्टर, मारुती मंदिराजवळ स्वतःचा दवाखाना, बाहेर बाकावर ताटकळत बसणारी माणसं, "डॉक्टर म्हणतील तसं" म्हणून मान हलवणारी. आणि इथे, या उघड्या सड्यावर, तिच्या शब्दाला दोन रंगीत रेघांइतकीही पत नव्हती. तिला राग आला. आणि रागाच्या पोटात बसलेली लाज तिला ठाऊक होती, म्हणून राग धड बाहेरही पडेना.

कारण मागच्या महिन्यात तिनेच आपल्या हाताने आपली पत घालवली होती. याच सड्यावर, याच झटक्यावरून. तेव्हा ती अगदी ठासून म्हणाली होती, "डावा मागचा शॉकअप गेलाय." अपूर्वने मान डोलावली, गाडीखाली शिरला, खटपट करून बाहेर आला आणि म्हणाला, "त्याचा स्क्रू दोन क्लिक फिरवून मऊ केलाय, बघ आता." ती एक फेरी मारून आली. खोलग्यात अंगाने स्पष्ट सांगितलं होतं, तसंच आहे, काही बदललं नाही. पण समोर सगळे उभे. उन्हातान्हात गाडीखाली लोळून आलेला पोरगा, त्याच्या केसांत धूळ, डोळ्यांत आशा. तिच्या तोंडून निघून गेलं, "हो, आता बरी वाटते." आणि अपूर्व हसत सुटला. त्याने काही केलंच नव्हतं. नुसती पान्ह्याची खटखट केली होती. मृणाली हसली, मेकॅनिक रशीदभाई हसला नाही, पण त्याने तोंड फिरवलं, ते जास्त झोंबलं. त्या दिवसापासून ती काही म्हणाली की अपूर्व मायेने, आजारी माणसाशी बोलावं तसं, "हो हो ताई" म्हणायचा. गाडीला दोनच सेन्सर परवडले होते. ते त्याने तिने दाखवलेल्या मागच्या चाकांवर बसवले, जणू तिचं खोटं तिच्याच बोटाने धरून द्यायचं होतं.

पण खोटं कोण बोललं होतं? मांडी बोलली नव्हती. पोट बोललं नव्हतं. खोटं बोललं ते तोंड, आणि त्या तोंडाला ती सवय आजची नव्हती. पुण्यातल्या नवव्या मजल्यावरच्या घरात तिचा नवरा मुकुल संध्याकाळी दारातून आत येतानाच विचारायचा, "मजेत ना?" चपला काढता काढता विचारायचा, उत्तर ऐकायला थांबायचा नाही, कारण उत्तर त्यानेच सोबत आणलेलं असायचं, येताना भाजी आणावी तसं. तिने फक्त ते हातात घ्यायचं. मजेत. सात वर्षं मजेत. माणूस वाईट नव्हता. कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही; नातेवाईक तर म्हणायचे, एवढं सगळं असून हिला झालंय काय? काय झालंय ते तिलाही शब्दांत सापडायचं नाही. रोज एकदा, दिवसाच्या कुठल्याशा वळणावर, पायाखालची जमीन निमिषभर निघून जायची, एवढंच. कुठल्या रिपोर्टात दाखवणार? ते घर सोडून रत्नागिरीला परत आली तेव्हा आईने एकच विचारलं होतं, "जेवलीस?" आणि आंबापोळीचा रस आटवताना स्वतःशीच जुळवलेली ओवी म्हणत राहिली होती:

सलतो कुठे काटा, डोळ्यां दिसेना कुणाच्या,
पावलाला ठावा माझ्या, ओठी येईना गं वाचा.

आई तशी कधी कुणापाशी काही बोलली नाही. जे होतं ते रसाच्या कढईला सांगितलं. ते ऐकता ऐकता भार्गवीला तेव्हा हुंदका आला होता. आज मात्र सड्यावरच्या उन्हात तो सूर आठवला आणि हुंदक्याऐवजी चीड आली. ओठी का येऊ नये? कढईपाशी येते ती वाचा माणसांपाशी का अडते?

गाडी तिच्या आयुष्यात आली तीसुद्धा दातामुळे. अपूर्व अक्कलदाढ काढायला आला होता. दाढ निघाल्यावर त्याला घेरी आली, आणि मालगुंडच्या बाजूला घर, म्हणून तीच आपल्या गाडीतून सोडायला निघाली. आरे-वारेच्या वळणांवर तो गाल धरून, तोंडात कापसाचा बोळा घेऊन बसलेला. बोलता येत नव्हतं, तर हातवारे करून सांगत राहिला, ताई, तुम्ही चालवायला हवी, माझी, माझी गाडी. ती खळखळून हसली होती. तसं हसू पुण्यात कुठे सांडलं ते तिला आठवेना. स्टिअरिंग धरलं की तिच्या अंगाला काहीतरी कळायचं. खडी कुठे सुटी आहे, चिरा कुठे ओलसर आहे, चाकं धरून आहेत की नुसती सोबत करताहेत. ते कळणं तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि कुणी काढूनही घेऊ शकलं नव्हतं. आता उद्या विनीत येणार. तो चांगला मुलगा आहे, हात सफाईदार आहे. रविवारी तो बसेल. आणि ती? पुन्हा बाकावरची माणसं, उघडलेली तोंडं, बोटांना लवंगेच्या तेलाचा वास, आणि संध्याकाळी कुणीतरी विचारील, मजेत ना?

नाही.

रशीदभाईने गाडीत ठेवलेली पाण्याची बाटली आणून दिली. साठीकडे झुकलेला माणूस. पंधरा वर्षं मस्कतच्या गॅरेजात काढून आलेला. "प्या, डॉक्टर. तोंड बगा कसा झालाय. आनि त्याचा मनावर घेव नका, पोरगा हाय."

"रशीदभाई, खरं सांगा. तुम्हाला वाटतं मला भास होतात?"

तो मडगार्डला टेकला. "मला काय वाटल? मी खय बसतंय आत? पन तुमी सांगताव काय, तर शॉकअप गेला. गेला काय नाय ता मी बगीन की. तुमी माजा काम सांगताव. तुमचा, आत काय लागताय ता, सांगा ना."

ती बाटली तोंडाला लावता लावता थांबली. परवाच दवाखान्यात नाटे गावचे रावजी आले होते. होडीवर आयुष्य गेलेले म्हातारबुवा, खुर्चीत बसायच्या आधीच हुकूम, "हीच खालची दाढ. काढून टाका. मला म्हायत हाय." तिने खालची दाढ ठोकून पाहिली, गार पाण्याने पाहिली, एक्स-रे काढला. दाढ धडधाकट. कळ खोटी होती का? रावजी दोन रात्री झोपले नव्हते, डोळे लाल झाले होते. तिने दाढेचं नाव काढू दिलं नाही. "बाबा, दाढ विसरा. कळ सांगा. आधी काय होतं? कशाने सुरू होते? कुठून कुठे जाते?" म्हातारबुवा कुरकुरले, मग डोळे मिटून सांगू लागले, आणि सांगता सांगता बोट आपसूक वर सरकलं. किडलेली होती वरची. कळ खाली उतरत होती. कळ खरी असते आणि बोट चुकीचं असतं, हे ती रोज दहा माणसांना समजुतीने सांगते. आणि इथे येऊन तीच रावजी झाली होती. झटका लागला तर झटका सांगायचा सोडून तिने दाढ काढायचा हुकूम दिला. का? कारण नुसतं "मला असं वाटलं" म्हणायची भीती. वाटण्याला कोण विचारतो? शॉकअप म्हटलं, क्लिक म्हटलं, की शहाण्यासारखं दिसतं. तिने आपल्या अंगाचं बोलणं कधी अपूर्वच्या भाषेत दडवलं, कधी मुकुलच्या उत्तरात बुडवलं. तिची स्वतःची साक्ष अजून झालीच नव्हती.

ती तरातरा अपूर्वकडे गेली. तो सामानाच्या व्हॅनच्या सावलीत रेघा मोठ्या करून बघत होता. तिने हात पुढे केला आणि लॅपटॉपचं झाकण मिटवलं. बोटं थोडक्यात वाचली त्याची.

"अगं ए!"

"आजपासून हे माझ्या तोंडाआधी उघडायचं नाही. मी उतरणार, मी बोलणार, माझं बोलून संपलं की मग तुझ्या रेघा. आणि गाडीला आता काहीतरी कर. कुठेही. मला सांगू नकोस. रशीदभाई, मृणाली, तुम्हीही नाही. मागच्या वेळेसारखी खटखट करायची तर तीही कर. मी येऊन सांगते काय केलंस."

"ताई, परीक्षा घ्यायची नाहीये मला तुझी."

"तू घेतलीस एकदा. मी नापास झाले. आता मी माझ्या मर्जीने बसतेय."

मृणाली गडग्यावर बसून चिवडा खात होती. "आणि पुन्हा नापास झालीस तर गो?"

"तर विनीतला एसटी स्टँडवरून आणायला मी स्वतः जाईन. हार घेऊन."

ती पाठ फिरवून दूर, कातळाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. मागे जॅकचा आवाज, पान्ह्याचा आवाज, मग शांतता, मग पुन्हा आवाज. तिने ऐकायचं नाही असं ठरवलं. खाली खाडीवर एक होडी अगदी सावकाश चालली होती. नापास झाले तर? पण त्या भीतीच्याही खाली काहीतरी निवांत होतं, जसं आईच्या हाताखालचं पीठ निवांत असतं. आज ती कुणाला बरं वाटावं म्हणून बोलणार नव्हती. एवढं एक ठरलं की अंग किती हलकं होतं, हे तिला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

फेरी सुरू झाली, या वेळी शेजारची सीट रिकामी. तिने डोळ्यांना रस्त्यापुरतं ठेवलं आणि बाकी सगळं अंग मोकळं सोडलं, दार उघडं टाकावं तसं. या, ज्याला यायचं त्याने या. खडी आली, तिची चुरचुर बोटांच्या टोकांत. पहिलं वळण आलं, गाडी ओळखीची झुकली. खोलगा आला, ब्रेक, डावीकडे. झटका आला, तसाच, पण आज तिने त्याला घाबरून हाकललं नाही, येऊ दिला, कुठून येतो ते पाहिलं. आणि वर चढून पुढच्या डाव्या वळणातून बाहेर पडताना काहीतरी नवीन आलं. उजव्या कमरेशी एक आळस. जेवून उठताना जमिनीवर हात टेकावा लागतो, तसा.

ती उतरली. अपूर्व हात बांधून उभा होता, लॅपटॉप मिटलेला.

"काहीतरी केलंयस," ती म्हणाली. "खोलग्यातला झटका तसाच आहे, त्याला काही फरक नाही. पण डाव्या वळणातून बाहेर निघताना गाडी उजवीकडे मागे बसते. उठायला कंटाळते."

मृणालीचा चिवड्याचा हात मध्येच थांबला. अपूर्वच्या सालपटलेल्या नाकावर घाम साचला होता.

"उजवा मागचा," तो शेवटी म्हणाला. "दोन क्लिक मऊ. दोनच, ताई." मग तो तिच्यासमोर कातळावर फतकल मारून बसला, आणि पहिल्यांदाच त्याने असा प्रश्न विचारला ज्याचं उत्तर त्याच्या खिशात नव्हतं. "झटका कसा येतो? पहिल्यापासून सांग."

तिने डोळे मिटले. "मी ब्रेक दाबते. वळवते. आधी... थांब. आधी मांडी नाही. आधी पायाच्या तळव्यांना कळतं. उजव्या तळव्याला. बोथट काहीतरी, दाराला आतून कुणी उशी लावून ठोकावं तसं. अगदी लहान. मला वाटायचं तो ब्रेकचाच आहे, म्हणून कधी बोलले नाही. त्यानंतर, अर्धा श्वास घ्यायला लागेल इतक्या वेळात, डावी मांडी रिकामी होते."

"आधी उजवा तळवा," अपूर्व पुटपुटला.

"आधी उजवा तळवा. मी डावा मागचा म्हणत राहिले ती माझी चूक. पण झटका खरा आहे, अपूर्व. तो मी कुणाच्या बापाला खोटा म्हणू देणार नाही."

रशीदभाई तोवर पुढच्या उजव्या चाकापाशी उकिडवा बसलाही होता. त्याने शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर एक प्लॅस्टिकची पट्टी आवळली. दांडा जितका आत जाईल तितकी ती सरकणार आणि तिथेच राहणार. उजवा मागचा पूर्वीसारखा करून भार्गवीने आणखी एक फेरी मारली. परत आली तेव्हा पट्टी पार टोकाला, शेवटच्या रबरी गुटक्यात जाऊन चेपली होती.

"या अल्ला," रशीदभाई म्हणाला. "पार बुडाक लागतंय ना हा. पुडचा उजवा टेकला, का मागचा डावा वर उचलताय. पलंगाचा एक खूर खड्ड्यात गेला का समोरचा उठताय, तसा."

अपूर्वने कपाळावर हात मारून घेतला. "आणि मी सेन्सर मागे लावून बसलोय." मग मान वर करून, थोडा चिडून, थोडा खजील, "तूच म्हणालीस ना मागे!"

"म्हणाले. आणि तू तेवढंच ऐकलंस. फिटंफाट."

मग तासभर सगळे गाडीलाच लागले. पुढची उजवी स्प्रिंग वर घेतली, शॉकअप तीन क्लिक कडक केला, गुटका बदलला. ऊन कलंडलं, गडग्याच्या सावल्या लांबल्या, कलमांवर पाखरं उतरू लागली. भार्गवी पुन्हा गाडीत बसली, शेजारी मृणाली. खोलगा आला तेव्हा तिचा जीव जुन्या सवयीने आखडला. ब्रेक, डावीकडे, आणि गाडीने चारही पावलं जमिनीवर ठेवून, पाणी भरलेली घागर डोक्यावर घेतलेल्या बाईसारखी, तो खोलगा ओलांडला. पाय कुठे अडला नाही. तिने तो दाबला. मृणाली ओरडली, "अगो! अगो!" आणि ते टिपणात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

गाडी थांबली तेव्हा अपूर्व धावत आला. तिच्या फेरीचा वेळ घड्याळात बघून त्याचा चेहरा उजळला होता. रशीदभाई हात पुसत हसत होता. मृणाली उतरून नाचायचीच बाकी होती.

"झालं!" अपूर्व म्हणाला. "जमली! विनीतला फोन करतो, येऊ नको म्हणून. रविवारी तूच. चला, आवरूया, अंधार पडायच्या आत शेडवर पोचू. मस्त झाली ना गाडी आता?"

तिघांचे तीन चेहरे तिच्याकडे लागलेले. केवढे गोड दिसत होते. दिवसभराची धूळ, घाम, भूक, आणि एका शब्दाची वाट. तो शब्द तिच्या जिभेवर आलाही होता, जुना, गुळगुळीत, सात वर्षं चघळलेला. म्हटला असता तर सगळे खूश होऊन घरी गेले असते, आणि गाडी तशी वाईट नव्हतीच.

भार्गवीने हातमोजे काढले नाहीत, सीटचा पट्टाही सोडला नाही.

"झटका गेला," ती म्हणाली. "साफ गेला. पण आता सरळ पट्ट्यावर गाडी एका अंगाने चालते. मी स्टिअरिंग धरलं नाही तर गडग्याकडे बघायला लागते."

अपूर्वचा चेहरा पडला. "कशामुळे?"

"ते मला माहीत नाही," भार्गवी म्हणाली, आणि म्हणताना तिचा आवाज अजिबात हलला नाही. "ते तू शोध. मी बसलेय."